हरवलेली चावी गाडीला विसरायला लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरच्या समुद्रावरून निघताना पायाची वाळू धुवायला म्हणून बटण-स्टार्ट गाडीची चावी टपावर ठेवलीत, तशीच गाडी सुरू केलीत, आणि सहा-सात किलोमीटरवर वाडीत पोचून इंजिन बंद केल्यावर कळलं की चावी नाही. रस्ता दोनदा पालथा घातला, मिळाली नाही. दुसरी चावी डोंबिवलीला, ती यायला दोन दिवस. घर पाखाडी चढून वर, गाडी खाली रस्त्याला लागून. त्यात चावीला गाडीचा नंबर कोरलेला बिल्ला. हे दोन दिवस गाडी कशी सांभाळायची, आणि पुढे डुप्लिकेट काढली की काळजी मिटली का, असं तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरीत बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग आणि चाव्यांचं काम करतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळे तिथेच चुकतात. डुप्लिकेट काढल्याने काळजी मिटत नाही. गाडीच्या मेमरीत चाव्यांची यादी असते. नवी चावी काढली की यादीत एक नाव वाढतं. हरवलेलीचं नाव जिथल्या तिथे राहतं. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवलं म्हणून सासरी गेलेल्या मुलीचं आपोआप कमी होत नाही, त्याला वेगळा अर्ज करावा लागतो. तसंच हे. रस्त्याकडेच्या गवतात पडलेली ती चावी आज जितकी चालते तितकीच दोन वर्षांनीही चालेल. तुम्ही गाडी विकलीत तरी नव्या मालकाच्या दारातही चालेल. तिचं नाव यादीतून काढलं तरच ती बाद होते.

आता आजची रात्र. पहिली अडचण तुमच्या लक्षात आली असेलच: चावीशिवाय गाडी बाहेरून लॉक होत नाही, म्हणजे आत्ता ती उघडी आहे. आतले कागद, पाकीट, चार्जर, सगळं वर घरात न्या. गाडीचं मोबाइल ॲप सुरू केलेलं असेल तर त्यातून दारं लॉक होतात का ते बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत होतात. ॲप नसेल तर मागची दोन्ही दारं आणि पुढचं डावं दार आतून खिट्टी दाबून लावून घ्या, डिकी बंद आहे का ते हाताने ओढून बघा. ड्रायव्हरचं दार प्रत्येक गाडीत वेगळं वागतं. काहींत खिट्टी दाबून, बाहेरचं हँडल ओढून धरून दार लावलं की लॉक होतं, काहींत मुद्दाम होऊ दिलेलं नसतं. पण थांबा, ते दार लावायच्या आधी बॉनेटचं काम उरका. बॉनेटचा खटका आत असतो, आणि दार उघडणारं पातं हरवलेल्या चावीच्या पोटात आहे. आधी दार लावून बसलात तर दुसरी चावी येईपर्यंत तुम्हीच बाहेर.

बॉनेटचं काम म्हणजे फ्यूज. बहुतेक लोक बॅटरीची वायर काढा असं सांगतात. दहा नंबरच्या पान्याने काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सैल करून बाजूला केली की गाडी मेली, हे खरं. पण ज्याच्या हातात चावी आहे त्याने बॉनेट उघडलं की सुटी वायर त्याला पहिल्या नजरेत दिसते आणि तो ती दोन मिनिटांत लावतो. शिवाय बॅटरी काढली की हॉर्नचा अलार्मही मुका होतो. म्हणून मी फ्यूज काढायला सांगतो. बॉनेटखाली बॅटरीशेजारी काळा चौकोनी डबा असतो, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. त्यात इंधन पंपाचा फ्यूज किंवा रिले शोधा, गाडी डिझेल असेल तर इंजिन कंट्रोलचा. डब्यातच प्लास्टिकचा छोटा चिमटा असतो, त्याने सरळ वर ओढला की निघतो. आधी मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे परत लावताना घोळ होणार नाही. झाकण नीट दाबून लावा आणि फ्यूज खिशात ठेवा. आता चावी घेऊन कुणी आलाच तर दार उघडेल, डॅशबोर्ड पेटेल, स्टार्टर फिरेल आणि इंजिन धरणार नाही. काय बिघडलंय ते अंधारात शोधत बसायची हिंमत फार कमी जणांत असते. एकच सांगणं, हे गाडी बंद असतानाच करा, आणि एअरबॅगच्या फ्यूजला किंवा पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका.

तिसरं काम गाडी अडवण्याचं. तुमची गाडी गिअरची असेल आणि स्टेअरिंग लॉक झालं नसेल तर वाडीतली चार माणसं बोलवा, ती न्यूट्रलमध्ये ढकलून रस्त्यावरून आत घ्या आणि नाक चिऱ्याच्या गडग्याला टेकवून उभी करा. मागे शेजाऱ्याची रिक्षा नाहीतर टेम्पो आडवा लावा. स्टेअरिंग अडकलं असेल तर जोर लावू नका, आत मोटरचा लॉक असतो आणि तो तुटला की चावीपेक्षा महाग पडतो. तशी गाडी असेल तिथेच राहू द्या आणि दुसरं वाहन तिला चिकटून लावा. माडाखाली मात्र उभी करू नका. चोराच्या भीतीने आत घेतलेल्या गाडीची काच नारळाने फुटलेली मी बघितली आहे.

ती चावी सापडलेला माणूस काय करू शकतो, हेही नीट समजून घ्या, म्हणजे भीती जागेवर राहील. तुमच्या दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं की गाडी रेडिओ लहरींवर हळूच हाक मारते, साधारण १२५ ते १३४ किलोहर्ट्झवर. ती हाक चार-पाच फुटांच्या पलीकडे फारशी जात नाही. तेवढ्यात चावी असली तर ती, बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झवर, उत्तर देते, आणि उत्तर यादीतल्या चावीचं निघालं तरच गाडी ऐकते. टपावरची चावी गाडीला आतल्यासारखीच वाटली, म्हणून इंजिन सुरू झालं. एकदा सुरू झालं की चावी दूर गेली तरी इंजिन बंद पडत नाही, नुसतं पीं-पीं करून सांगतं. चालती गाडी घाटात अचानक बंद पडू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. तुमच्या गाडीनेही सांगितलं असणार, खिडक्या उघड्या आणि गाणी चालू असली की ऐकू येत नाही. असं पुन्हा कधी झालं आणि इंजिन चालू असतानाच लक्षात आलं, तर बंद करू नका. एकजण गाडीत बसून राहा आणि तशीच मागे फिरवा.

तर नुसती चावी सापडलेल्या पर्यटकाला गाडी कुठली हेच माहीत नसतं. चावीचं बटण दाबत रस्त्याने चालला तरी पन्नासेक मीटरच्या आत आल्याशिवाय तुमचे इंडिकेटर लुकलुकणार नाहीत. पण तुमच्या चावीला नंबरचा बिल्ला आहे, आणि आपल्याकडे वाडीत मुंबईची गाडी कुणाकडे आली हे वाण्याच्या दुकानात उभं राहिलं तरी कळतं. त्यामुळे तुमच्या बाबतीत धोका इतरांपेक्षा जास्त आहे. त्याच बिल्ल्यामुळे चावी परत मिळायची आशाही जास्त आहे, हेही खरं. समुद्रावरचे टपरीवाले, वाटेतलं गॅरेज, एसटी थांब्याजवळचं दुकान, सगळ्यांना फोन नंबर देऊन ठेवा. शोधायचं असेल तर सुरुवातीच्या पाचशे मीटरवर आणि पहिल्या गतिरोधकाच्या आसपास शोधा. टपावरची वस्तू गाडीने वेग घेतला की किंवा पहिला धक्का बसला की घसरते. नजर रस्त्यावर नको, गटारात आणि कडेच्या टाकळ्यात फिरवा.

डोंबिवलीची चावी कुणाच्या तरी हाती मागवा. रात्रीच्या कोकणकन्येने ओळखीचं कुणी येत असेल तर चिपळूणला उतरवून घ्या. तिलाही नंबरचा बिल्ला असेल तर आधी काढायला सांगा.

चावी आली की लोकांना हायसं वाटतं, फ्यूज लावतात आणि थेट मुंबई गाठतात. तिथे गेल्यावर पुढचं काम राहतं ते राहतंच. तुम्ही तसं करू नका. चिपळूणला शोरूम आहेत, चाव्यांचं काम करणारे जाणते लोक आहेत. रत्नागिरीकडे यायचं तर तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरता येतं. कुठेही जा, पण शब्द नेमका वापरा. ‘डुप्लिकेट हवी’ एवढंच सांगितलंत तर डुप्लिकेटच मिळेल. ‘हरवलेली चावी मेमरीतून काढायची आहे’ असं सांगा.

काम होतं कसं, तेही सांगतो. स्टेअरिंगखाली गुडघ्याजवळ एक सॉकेट असतं, त्याला आम्ही मशीन जोडतो. काही गाड्यांना त्यासाठी कंपनीचा पिन कोड लागतो. मशीन आधी दाखवतं की यादीत किती चाव्या आहेत. बहुतेक गाड्यांत एकच चावी वेचून काढता येत नाही. सगळी यादी पुसावी लागते आणि समोर असतील त्या चाव्या एकेक करून परत नोंदवाव्या लागतात. म्हणून घरातल्या जितक्या आहेत तितक्या त्याच दिवशी बरोबर न्या. भावाकडे राहिलेली तिसरी चावी नंतर आणलीत तर ती गाडीला परकी झालेली असेल आणि पुन्हा पैसे मोजावे लागतील. काही गाड्या किमान दोन चाव्या नोंदवल्याशिवाय काम पूर्ण होऊ देत नाहीत, तिथे नवी चावी त्याच बैठकीत घ्यावी लागते. शेवटी आकडा परत वाचायचा. तुमच्या हातात जितक्या चाव्या, तितकाच आकडा स्क्रीनवर हवा. त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. जुन्या, चावी फिरवून सुरू होणाऱ्या गाड्यांत इंजिनची यादी आणि सेंट्रल लॉकच्या रिमोटची यादी वेगवेगळी असू शकते. तिथे दोन्ही पुसल्या का, हे विचाराच.

या आकड्याचं मला इतकं का वाटतं, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी देवरुखकडचे एक शिक्षक जुनी घेतलेली गाडी घेऊन आले. चावी एकच, दुसरी काढून हवी होती. मी मशीन लावलं, आकडा आला ४. त्यांना वाटलं मशीन चुकलं. मी काढून परत लावलं, परत ४. म्हणजे तीन चाव्या कुणाच्या तरी खिशात, कुणाच्या तरी फडताळात होत्या, आणि हे गृहस्थ आठ महिने ती गाडी शाळेच्या आवारात बिनधास्त उभी करत होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. पुसून, त्यांची एक आणि नवी एक नोंदवून आकडा २ करून दिला, तेव्हा कुठे त्यांनी समोरचा चहा उचलला. त्या दिवसापासून कुणीही जुनी गाडी घेऊन कसल्याही कामाला आला तरी मी आकडा वाचून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.

दुसरा प्रकार चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात शेकडो गाड्या बुडाल्या. त्यानंतर कितीतरी महिने आमच्याकडे भिजलेले कंट्रोल युनिट, म्हणजे चाव्यांची यादी ज्यात असते ती पेटी, बदलायचं काम चालू होतं. नवं युनिट परवडत नाही म्हणून अनेकांनी भंगारातल्या गाडीचं बसवलं, त्यात चूक काही नाही. पण ते युनिट मूळ गाडीच्या चाव्यांची यादी घेऊन आलेलं असू शकतं. ज्यांच्या गाडीला त्या काळात जुनं युनिट बसलंय, त्यांनी आकडा एकदा वाचून घ्यावाच.

यादीतून नाव गेलं की हरवलेल्या चावीने इंजिन सुरू होणार नाही आणि बटणाने दार उघडणार नाही. पण तिच्या पोटातलं लोखंडी पातं अजून तुमच्या दाराला लागतं. त्याला मेमरीशी काही देणंघेणं नाही. तुमच्या चावीवर नंबर होता म्हणून मी तरी ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप बदलायला सांगेन, किंवा आतल्या पट्ट्यांची जुळणी बदलून घ्यायला. बटण-स्टार्ट गाडीला चावीचं भोक बहुतेक एकाच दाराला असतं, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. आणखी एक, नवी गाडी घेतली तेव्हा चावीबरोबर छोटी पट्टी मिळाली असेल, तिच्यावर काही अक्षरं-आकडे कोरलेले. तो पात्याचा कोड. त्यावरून मूळ चावी न बघताही पातं कापता येतं. बरेचजण ती डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवतात. तुमची तिथे असेल तर आजच घरातल्या कपाटात ठेवा.

‘समुद्रात पडली, आता काय कुणाला मिळणार’ असं म्हणणारेही दर उन्हाळ्यात भेटतात. त्यांना मी डबीत जपून ठेवलेली एक चावी दाखवतो. एका पावसाळ्यानंतर भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत एका मुलाला ती सापडली, घडीची, पातं आत दुमडणारी. तो माझ्याकडे घेऊन आला. उघडली तर आतला बटणासारखा ३ व्होल्टचा सेल फुगून फुटलेला, तांब्याच्या रेघा हिरव्या पडलेल्या, कडेला मिठाचे पांढरे खडे. बटण कशालाच उत्तर देईना. पण कोपऱ्यातल्या खाचेत चिंचोक्याहून लहान काळा तुकडा होता. तो टोकाने उचकटून पुसला आणि चिप वाचणाऱ्या यंत्राजवळ धरला. स्क्रीनवर त्याचा क्रमांक आला, स्वच्छ. इंजिन सुरू करायची परवानगी देणारी चिप तीच. तिला सेल लागत नाही, कुलपाभोवतीच्या कॉइलमधून मिळते तेवढी वीज पुरते. चार महिने खाऱ्या पाण्यात आणि वाळूत राहून ती जिवंत होती. म्हणून समुद्रात गेलेली चावीसुद्धा मेमरीतून काढा.

आता कागद. लोक हे टाळतात, आणि गाडी चोरीला गेलीच तर खरा फटका इथे बसतो. चोरीचा दावा करताना विमा कंपनी गाडीच्या दोन्ही चाव्या मागते. एकच देता आली की प्रश्न सुरू होतात: दुसरी कुठे, गाडीतच राहिली होती का, निष्काळजीपणा होता का. त्या वेळी ‘आधीच हरवली होती’ हे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. म्हणून गुहागर पोलीस ठाण्यात चावी हरवल्याची नोंद करा आणि त्याची प्रत घ्या. तारीख, ठिकाण, गाडीचा नंबर त्यात असू द्या. त्याच दिवशी विमा कंपनीला मेल करून कळवा आणि प्रत जोडा. मेमरी पुसल्याचं बिल, त्यावर गाडीचा नंबर आणि ‘जुनी चावी रद्द’ असे शब्द लिहून घ्या. पॉलिसीला चावी बदलून देण्याचं जादा कलम असेल तर नव्या चावीचा खर्चही मिळू शकतो, त्यालाही हीच नोंद लागते. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीची भरपाई मिळतच नाही, एवढं ध्यानात असू द्या.

चावी पडली नसून पिशवीसकट कुणी उचलली असा संशय असेल, तर ती हरवल्याची नोंद नव्हे. ती चोरी, आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते. गुन्हा नोंदवायचाच आग्रह धरा. लक्षात येईपर्यंत दुसऱ्या तालुक्यात पोचला असाल तर परत जावं लागत नाही, हद्द कुठलीही असली तरी जवळच्या ठाण्याला तक्रार घ्यावी लागते. गाडीच गेली तर आधी ११२. पोलिसांत तक्रार लगेच दिली असेल तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवलं एवढ्या कारणाने दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. तरीही उशीर करू नका.

बाकीचं थोडक्यात. गिअर लॉक जरूर बसवा. त्याला इलेक्ट्रॉनिक्सशी घेणं नाही आणि तो काचेतून दिसतो, त्याचा उपयोग तिथेच निम्मा होतो. आपल्या खाऱ्या हवेत तो आणि दाराचं कुलूप दोन्ही अडकतात, म्हणून लोक खोबरेल सोडतात. कृपा करून सोडू नका. तेलावर वाळू बसते, मग महिन्याभरात कुलूप घट्ट होतं. ग्रॅफाइटची सुकी पूड फुंका. चावी दारामागच्या खिळ्याला टांगायची सवय असेल आणि गाडी भिंतीपलीकडेच उभी राहत असेल, तर चावीचा सिग्नल यंत्राने लांबवून गाडी उघडता येते, हा प्रकार खरा आहे. सिग्नल अडवणारं पाकीट मिळतं, त्यात चावी ठेवा, पण पाकीट खरं की खोटं ते स्वतः तपासा: चावी आत घालून गाडीजवळ उभे राहा आणि हँडलचं बटण दाबा. दार उघडलं तर पाकीट परत करा.

आणि समजा, सगळं झाल्यावर महिन्याभराने ती चावी कुणी भलं माणूस आणून देईल. कोकणात देतात, माझ्याकडेच अशा तीन-चार आल्या. तोवर ती बाद झालेली असेल. फेकू नका. त्याच गाडीला ती बहुधा परत नोंदवता येते आणि नव्या चावीचे पैसे वाचतात. येताना चालू चावी, आरसी आणि ओळखपत्र आणा. आणि तो नंबरचा बिल्ला तेवढा घरी काढून या.